घड्याळाचं कलम

ठकीने बिस्किटाचा ओला हात निविदेच्या शेवटच्या पानाला पुसला, आणि तिच्या आईने, म्हणजे घरातल्या धाकटीने, तो पुसू दिला. सकाळपासून तिने ते पान दहा वेळा उलटून पाहिलं होतं. आता निदान त्यावर काहीतरी घरचं उमटलं होतं.

ग्रंथालयाच्या त्या लांब व्हरांड्यात एकच बाक होता. त्याच्या एका टोकाला तिचा नवरा बसला होता, दुसऱ्या टोकाला तिचे थोरले दीर. मधे चार माणसं ऐसपैस बसतील एवढी जागा होती आणि तिथे बसायची कुणाची छाती नव्हती. नवरा खिडकीबाहेर बघत होता. थोरले दीर भिंतीवरचं आग विझवायचं नळकांडं असं न्याहाळत होते, की जणू ते विकत घेऊनच घरी जाणार होते. दोघांच्या मांडीवर फाइल होती आणि दोघांचाही डावा पाय हलत होता. बाक एकच असल्यामुळे एकाने पाय हलवला की दुसरा हिंदकळायचा, पण तक्रार करायची तर बोलावं लागलं असतं.

पलीकडे खांबाला टेकून थोरली जाऊ उभी होती आणि छताकडे बघत होती. धाकटीही मग छताकडे बघत होती. ठकीला मात्र असं काही जमत नव्हतं. तिने आल्या आल्या "मोठी काकू!" म्हणून हात हलवला होता.

"ही सगळ्यांनाच काकू म्हणते हल्ली," धाकटीने नवऱ्याला घाईघाईने सांगितलं होतं.

सामान हलवून द्यायचा धंदा मुळात सासऱ्यांचा. मुलगे अर्ध्या चड्डीत होते तेव्हाच त्यांनी मोठ्या आशेने त्याचं नाव 'बंधू' ठेवलं. ते गेल्यावर पाच वर्षांपूर्वी बंधूंचं फाटलं. गाड्या एकेक वाटून झाल्या, दोरखंड मधोमध कापून झाले, पण नाव कापता येईना आणि सोडवेनाही. त्यामुळे आता शहरात 'बंधू स्थलांतर' होतं आणि 'बंधू आणि मंडळी'ही होती, आणि चुकून दुसऱ्याचा फोन आला तर दोघेही तोच निरोप द्यायचे: राँग नंबर.

धाकटी लग्न होऊन घरात आली ती या फाटाफुटीनंतर. नवऱ्याला भावाशी बोलताना तिने कधी पाहिलंच नव्हतं. घरात एखादा खांब असावा आणि सगळ्यांनी त्याला वळसा घालून जावं, तसं ते भांडण होतं.

थोरलीशी तिची गाठ पडली ती शाळेच्या फाटकात. ठकीची बालवाडी आणि थोरलीच्या मुलाची शाळा एकाच आवारात. थोरलीने ठकीकडे बघितलं, वाकून पुन्हा बघितलं, आणि म्हणाली होती, "हे नाक आमच्या घरचं आहे." तेव्हापासून वर्षभर दोघी रोज फाटकात अर्धा तास उभ्या राहत. घरी कुणाला सांगायचं नाही, असं काही ठरलं नव्हतं. सांगितलं गेलं नाही, एवढंच.

लिहिण्याचं काम धाकटीकडे यंदा आलं. ग्रंथालय नव्या इमारतीत जाणार होतं, सगळीच्या सगळी पुस्तकं हलवायची होती, आणि त्यासाठी निविदा मागवल्या होत्या. नवऱ्याला शिसवी कपाट पाठीवर घे म्हटलं तर घेईल, पण परिच्छेद लिही म्हटलं की त्याची कंबर धरायची. मग थोरलीने फाटकातच तिला कृत्रिम बुद्धिमत्तेचं ते अ‍ॅप दाखवलं. वर्गणी दोघींनी अर्धी अर्धी भरली, खातं एकच घेतलं, आणि अ‍ॅपला नाव दिलं 'कारकून'. थोरलीने एकच अट घातली. लग्नाआधी सहा वर्षं ती एका कचेरीत निविदांच्याच टेबलावर होती, तिथली तिची शिस्त होती ती. कारकुनाला काहीही विचारायचं, पण दर त्याच्यासमोर बोलायचे नाहीत आणि एकमेकींनाही सांगायचे नाहीत.

ठकी दुपारी झोपायची तेवढा वेळ धाकटीचा. एक हात ठकीच्या मानेखाली, दुसऱ्या हातात फोन, उजेड अगदी कमी केलेला. कारकून फार नम्र होता आणि फार नम्रपणे थापा मारायचा. पहिल्याच मसुद्यात त्याने लिहिलं की संस्थेकडे अत्याधुनिक वाहनांचा ताफा आहे. ताफा म्हणजे एक गाडी, जिचं दार बाहेरूनच उघडायचं. ती ते खोडायला लावायची, तो लगेच माफी मागायचा आणि ताफ्याच्या जागी 'सुसज्ज यंत्रणा' आणून ठेवायचा. शेवटी कंटाळून तिने, नवरा खरोखर काय करतो ते त्याला एकेक करून सांगितलं. खोकी कशी भरतो, काच कशात गुंडाळतो, नव्या जागेत पोचल्यावर सगळ्यात आधी काय करतो. मधेच ठकी कूस बदलायची, मग कारकुनाला थांबावं लागे.

आणि आता समितीचं हे बोलावणं: निविदेचं शेवटचं पान बरोबर घेऊन या.

"बंधू!" शिपायाने दारातून हाक मारली.

दोघेही उठले. दोघांनीही एकमेकांकडे न बघता शिपायाकडे प्रश्नार्थक बघितलं.

"दोघेही," शिपाई म्हणाला. "बरोबरच बोलावलंय."

मागोमाग दोघी जावा आणि ठकीही आत आल्या. आतली खोली लहान होती आणि टेबल मोठं. त्या टेबलामागे दोघंजण होते. ग्रंथपालबाई, ज्यांचा चष्मा साखळीने गळ्यात लटकत होता, आणि समितीचे वकीलसाहेब, ज्यांना दुपारी दुसरीकडे सुनावणी होती आणि ते त्यांनी दोनदा सांगितलं. दारावरच्या भिंतीवर एक जुनं गोल घड्याळ टिकटिकत होतं.

"सहाच्या सहा निविदांमध्ये एक वाक्य आहे," ग्रंथपालबाईंनी सुरुवात केली. "आम्ही केवळ पुस्तके हलवत नाही, आम्ही ज्ञानाला नवे घर देतो. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला भरून आलं होतं. सहाव्यांदा नाही आलं, इतकंच."

मग त्यांनी चष्मा चढवला आणि दोघांकडून निविदांची शेवटची पानं मागून घेऊन शेजारी शेजारी ठेवली. एका पानावर बिस्किटाचा पंजा होता.

"पण हे फक्त तुमच्या दोघांत आहे. 'नव्या जागेत गेल्यावर, पहिलं खोकं उघडण्याआधी, भिंतीवरचं घड्याळ लावलं जाईल. घड्याळ चालू झालं की माणसं ती जागा आपली समजू लागतात.'"

"शब्दाला शब्द," वकीलसाहेब म्हणाले. मग त्यांनी नियम सांगितला. निविदा भरणाऱ्यांनी आपसांत सल्लामसलत केली असेल तर त्याला संगनमत म्हणतात. दोघांच्याही निविदा बाद होतात, आणि तीन वर्षं दोघांनाही कुठल्याही सार्वजनिक कामाची निविदा भरता येत नाही.

नवऱ्याचा हलता पाय थांबला. तीन वर्षं म्हणजे गाडी दारात उभी राहणार, आणि मग कुणीतरी येऊन विकता का विचारणार. तिकडे थोरल्या दिरांचाही पाय थांबला होता.

"दर मात्र वेगळे आहेत," ग्रंथपालबाई म्हणाल्या. "बरेच वेगळे."

"हुशार माणसं दर वेगळेच ठेवतात," वकीलसाहेब म्हणाले. "निविदा लिहिल्या कुणी?"

नवऱ्याने बायकोकडे बोट दाखवलं. थोरल्या दिरांनी त्यांच्या बायकोकडे. आणि दोघी एका सुरात म्हणाल्या, "कारकुनाने."

ग्रंथपालबाईंनी चष्म्यावरून दोघींकडे बघितलं.

"दोघींचा कारकून एकच?" वकीलसाहेबांनी पेनाचं टोपण काढलं.

"मोबाइलमधला हो," थोरली शांतपणे म्हणाली. "हल्ली सगळ्यांचा तोच असतो."

"मग उरलेल्या चौघांना त्याने घड्याळ का नाही दिलं?"

थोरली पर्सचा पट्टा नीट करायला लागली. धाकटीच्या मात्र आता सगळं डोळ्यांसमोर आलं. घड्याळाचं तिनेच कारकुनाला सांगितलं होतं. खातं एकच. मेल्याने इकडचं ऐकून तिकडे नेऊन ठेवलं. एवढा सभ्य, आणि शेवटी चुगलखोर निघाला. खरं सांगून टाकावं तर वर्षभराचं फाटकही सांगावं लागणार होतं. पण गप्प बसून गाडी घालवायची, हेही तिला जमेना. तिने तोंड उघडलं.

थोरलीने खाली न बघता तिच्या पायावर पाय ठेवला. चांगला दाबून.

"साहेब," थोरले दीर म्हणाले, "संगनमत करायला आधी बोलावं लागतं. मी याच्याशी पाच वर्षं बोललेलो नाही."

"अगदी खरं आहे," नवरा लगेच म्हणाला. "हे म्हणतात ते शंभर टक्के खरं आहे."

"पुरावा काय?"

पुरावा काय म्हटल्यावर दोघांना चेव आला. थोरले म्हणाले, आईचा साठावा वाढदिवस एकाच दिवशी दोनदा झाला, दुपारी यांच्याकडे, संध्याकाळी आमच्याकडे. नवरा म्हणाला, दोन्हीकडे आईला पोटभर खावं लागलं आणि दुसऱ्या दिवशी तिला दवाखान्यात न्यावं लागलं, विचारा हवं तर. कुणी नेलं? मी नेलं, नवरा म्हणाला. परत मी आणलं, थोरले म्हणाले. एकाने काही सांगितलं की दुसरा त्यात भर घालत होता, तारीख चुकली की दुरुस्त करत होता, आणि हे सगळं वकीलसाहेबांच्या तोंडाकडे बघून. आपलं वैर किती पक्कं आहे यावर दोघांचं इतकं एकमत होतं, की ग्रंथपालबाई हनुवटीखाली हात घेऊन ऐकत राहिल्या.

"पण झालं काय होतं?" त्यांनी विचारलं.

झालं होतं ते असं. एका डॉक्टरीणबाईंचं कपाट तिसऱ्या मजल्यावरून उतरवायचं होतं. वर थोरले, खाली धाकटा. जिन्याच्या वळणावर कुणीतरी म्हणालं, "फिरव." कपाट फिरवलं गेलं आणि असं अडकलं, की वर जाईना, खाली येईना. सुतार मिळेपर्यंत चार दिवस वरच्या मजल्यावरची माणसं कपाटाची दारं उघडून, पाठ काढून, कपाटातूनच ये-जा करत होती. दूधवालाही. शेवटी कपाट करवतीने कापलं. आता 'फिरव' म्हणालं कोण, एवढाच पाच वर्षं प्रश्न होता.

"हे म्हणाले," नवरा म्हणाला.

"हा म्हणाला," थोरले म्हणाले.

वकीलसाहेबांनी पेन खाली ठेवलं. "मला पटत नाही," ते म्हणाले. "जिन्याचं वळण चांगलं रुंद असतं. कपाट अडकेलच कसं?"

धंद्यात उभं आयुष्य गेलेल्या माणसांना हे असं म्हणायचं नसतं. दोघेही एकदम उठले. टेबलावरचे कागद नवऱ्याने ग्रंथपालबाईंच्या मांडीवर ठेवले, पाण्याचा जग थोरल्यांनी खिडकीत ठेवला, एकाने हे टोक धरलं, दुसऱ्याने ते. ना हूं ना चूं. टेबल कापसाचं असल्यासारखं वर गेलं, हवेतच कुशीवर वळलं, आणि थोरले मागे मागे पावलं टाकत दारातून व्हरांड्यात गेले. धाकटी बघत राहिली. नवऱ्याला हमालांबरोबर काम करताना तिने खूपदा पाहिलं होतं, आणि प्रत्येक वेळी तो ओरडत असायचा. आत्ता तो फक्त समोरच्या माणसाच्या खांद्याकडे बघत होता, आणि खांदा हलायच्या आत हलत होता.

"बघा साहेब," तो अभिमानाने म्हणाला. "एक शब्द तरी बोललो का?"

आणि टेबल अडकलं.

दोन पाय व्हरांड्यात, दोन खोलीत, आणि वरची फळी चौकटीत तिरकी, घट्ट. दाखवायचं होतं ते इतकं उत्तम दाखवून झालं होतं की वकीलसाहेबांना ते ताबडतोब पटलं. पण खोलीला दार एकच होतं. वकीलसाहेब, ग्रंथपालबाई, दोघी जावा, ठकी आणि नवरा आत, थोरले बाहेर.

"कळलं. काढा आता," वकीलसाहेब म्हणाले. "मला सुनावणी आहे."

कुणीच काही केलं नाही. टेबल निघायला एकच गोष्ट हवी होती, कुणीतरी एक शब्द म्हणायला हवा होता. पाच वर्षं दोघांनी तो शब्द दुसऱ्याच्या तोंडी घातला होता. आता म्हटला तर त्या दिवशीचाही आपल्याच नावावर चढायचा. शिवाय बोललं की पुरावाही गेला. नवऱ्याच्या मानेवरची शीर फुगली. फळीवरची बोटं पांढरी झाली. ठकीने टेबलाच्या पायांमधून वाकून पलीकडे बघितलं आणि म्हणाली, "काका दमले."

बाहेरच्या हातांनी फळीवरची पकड बदलली.

"अरे," थोरल्यांचा आवाज आला. "फिरव."

नवरा हलला नाही.

"मी म्हणतोय," थोरले म्हणाले. "साक्षीला माणसं आहेत. मीच म्हणतोय. फिरव."

नवऱ्याने पाय रोवले. "डावीकडे की उजवीकडे?"

"तुझ्या डावीकडे."

"म्हणजे तुमच्या उजवीकडे."

"तेच ते."

"तेच ते नाही, दादा. त्या दिवशी हेच—"

"आधी फिरव रे. हात सुटतायत."

टेबल फिरलं आणि सुटलं, थोरले त्याच्यामागोमाग चौकटीतून आत आले. आत येता येता टेबलाचा वरचा पाय दारावरच्या घड्याळाला लागला, घड्याळ खिळ्यावरून सुटलं, आणि थोरल्यांनी एका हाताने टेबल सांभाळत दुसऱ्या हाताने ते छातीशी झेललं.

"आता बोललात तुम्ही," वकीलसाहेब म्हणाले.

"वकीलसाहेब," ग्रंथपालबाई म्हणाल्या, "तुम्हाला सुनावणीला जायचंय ना?"

टेबल आत आलं, पण जागेवर गेलं नाही. ते तसंच खोलीच्या मधोमध कुशीवर पडून राहिलं, कागद ग्रंथपालबाईंच्या मांडीवर, जग खिडकीत. थोरल्यांनी घड्याळ कानाशी धरून बघितलं, बाहीने त्याची काच पुसली. नवऱ्याने कुणी न सांगता खुर्ची दारापाशी नेली आणि दोन्ही हातांनी तिची पाठ धरली. थोरले तिच्यावर चढले. खिळा जरा तिरपा झाला होता, तो त्यांनी अंगठ्याने सरळ केला, घड्याळ लावलं, मान वाकडी करून बघितलं. खालून नवरा म्हणाला, "जरा इकडे." त्यांनी जरा इकडे केलं. मगच दोघे टेबलाकडे वळले.

ग्रंथपालबाईंनी चष्मा काढला.

"हे घड्याळाचं कुणी शिकवलं तुम्हाला?"

"बाबांनी," दोघेही म्हणाले, आणि दोघांनाही त्याचा जरा राग आला.

वकीलसाहेब घड्याळाकडे बघत होते, त्यात वेळ बघत होते की आणखी काही, ते कळलं नाही. मग त्यांनी कपाळ चोळलं आणि कागदावर लिहीत लिहीत मोठ्याने म्हटलं, "बाप एकच असणे हे संगनमत ठरत नाही." निविदा दोन्ही ग्राह्य. निकाल पुढच्या आठवड्यात. ते निघाले, दारात आले, चौकट एकदा हाताने चाचपली, आणि अंग चोरून बाहेर पडले.

ग्रंथपालबाई कागदांचे दोन गठ्ठे करता करता म्हणाल्या, की एवढी पुस्तकं एका गाडीतून न्यायची म्हणजे किती फेऱ्या होतील, ते दोन्ही बंधूंनी जरा मनाशी बघावं. शुक्रवारपर्यंत निविदा मागे घेऊन नवी भरता येते. दोघांनी मिळून भरली तरी चालते. नियमात मनाई आहे ती चोरून भरायला.

बंधू टेबलापाशी होते. टेबल होतं तिथेच लागलंय की नाही, यावर त्यांचा वाद सुरू झाला होता.

धाकटी ठकीला घेऊन व्हरांड्यात आली. मागोमाग थोरली. बाक आता रिकामा होता, दोघी त्याच्या बरोबर मधे बसल्या.

"ताई, माझ्यामुळे झालं सगळं," धाकटी हळू आवाजात म्हणाली. "घड्याळाचं मी सांगितलं कारकुनाला, आणि त्याने ते तुमच्या निविदेत नेऊन घातलं. आपण खातं वेगळं करू या."

थोरलीने पर्समधून रुमाल काढला आणि ठकीची बिस्किटाची बोटं एकेक करून पुसायला घेतली.

"त्याने कुठे घातलं?" ती म्हणाली. "तो तर नकोच म्हणत होता. दुसऱ्या संस्थेचं वाक्य जसंच्या तसं घेऊ नका, समितीला शंका येईल. दोनदा बजावलं बिचाऱ्याने." तिने ठकीचा अंगठा पुसला. "इमानी आहे हो फार."

धाकटी तिच्याकडे बघत राहिली. आतून नवऱ्याचा आवाज आला, "दादा, भिंतीला लागतंय." मग दुसरा आवाज, "मग ओढ की."

"आणि बाद केलं असतं तर?"

"दर वेगळे होते ना," थोरली म्हणाली. मग रुमालाची घडी घालत म्हणाली, "मलाही झोप नव्हती दोन दिवस."

ठकीची दुपारची वेळ झाली होती. ती धाकटीच्या मांडीवरून सरकली, थोरलीच्या खांद्यावर चढली, मान तिच्या गळ्याशी खुपसली आणि दोन मिनिटांत झोपून गेली. थोरली बसल्या बसल्या डुलायला लागली.

बंधू बाहेर आले. दोघांच्याही शर्टांवर टेबलाची धूळ होती. दोघांनी ती झटकली. मग नवऱ्याने घसा खाकरला आणि रीतसर ओळख करून द्यायला घेतली.

"वहिनी, ही माझी बायको. तुमची गाठ पडायचा तसा प्रसंगच आला नाही."

"अगबाई, हो का," थोरली म्हणाली.

धाकटीने वाकून नमस्कार केला. मान खाली होती ते बरं झालं.

नवरा ठकीकडे बघत होता. तिची एक चप्पल गळून पडली होती, ती त्याने उचलली आणि हातातच धरली.

"कमाल आहे," तो म्हणाला. "ही अनोळखी माणसाकडे कधी जात नाही."

"नाकावरून ओळखलं असेल," थोरली म्हणाली आणि डुलत राहिली.